ग्राफीनवर औषध चढवणं सोपं, उतरवणं अवघड

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं जुनं, भरवशाचं औषध. रंगाने लालभडक. गेली जवळपास पन्नास वर्षं स्तनाच्या कर्करोगापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेक ठिकाणी ते वापरात आहे. शिरेतून दिलं की रक्ताबरोबर सगळीकडे जातं. गाठीत जातं, तसंच केसांच्या मुळांशी, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत आणि हृदयाच्या स्नायूतही जातं. केस परत येतात, अस्तर भरून निघतं. हृदयाचं नुकसान मात्र सहसा भरून निघत नाही. म्हणून डॉक्टर या औषधाचा आयुष्यभराचा हिशोब ठेवतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम झालं की थांबायचं. गाठ औषधाला दाद देत असली तरी थांबायचं.

औषधाच्या वाहकांवर जगभर एवढं संशोधन का चालतं, ते या हिशोबातून कळतं. औषध चांगलं आहे, पण हवं तिथे थोडं आणि नको तिथे भरपूर पोचतं. मग त्याला कशावर तरी बसवून गाठीपर्यंत न्यावं आणि तिथेच उतरवावं, अशी ही कल्पना. १९९५ साली अमेरिकेत याच डॉक्सोरुबिसिनला चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून केलेलं 'डॉक्सिल' मंजूर झालं. हृदयाला होणारा त्रास त्याने कमी झाला. तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मात्र वाढला. वाहक बदलला की औषध कुठे जातं ते बदलतं आणि दुष्परिणामही जागा बदलतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

२००८ साली वाहकांच्या या यादीत ग्राफीन आलं आणि तेव्हापासून 'कर्करोगावर ग्राफीनचा उतारा' छापाच्या बातम्यांना तोटा राहिला नाही. माझं मत आधीच सांगून टाकायला हरकत नाही. ग्राफीनवर औषध चढवणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत सोपा भाग आहे आणि बातम्या बहुतेक त्याच भागाच्या असतात. औषध नेमकं कुठे उतरवायचं, आणि उतरवून झाल्यावर मागे राहिलेल्या ग्राफीनचं शरीराने करायचं काय, हे दोन प्रश्न खरे अवघड आहेत. पण त्यांच्यापर्यंत जायचं तर आधी चढवण्याची गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती खरोखर सुंदर आहे.

एका अणूइतकी जाडी

पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या थरांवर थर. प्रत्येक थरात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत घट्ट बांधलेले, पण थरा-थरांमधली पकड सैल. म्हणूनच पेन्सिल कागदावर घासली की थर सुटून मागे राहतात. यातला एकच थर वेगळा काढला की तो ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत तो वेगळा केला. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या थराची जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे एका अणूची. औषधाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की या पदार्थाला 'आत' असं काही नाहीच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर आहे, वरूनही उघडा आणि खालूनही. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजू मिळून २६३० चौरस मीटर क्षेत्रफळ भरतं. गुंठ्यात मोजायचं तर २६ गुंठे. लायपोसोममध्ये औषध पोटात भरायचं असतं. इथे अंगभर बसवता येतं.

पण शुद्ध ग्राफीनला पाण्याचं वावडं आहे. पाण्यात टाकलं की थर एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि रक्त तर बहुतांश पाणीच. त्यामुळे औषधांच्या संशोधनात बहुतेक वेळा वापरतात ते ग्राफीन ऑक्साइड. बातमीत नुसतं 'ग्राफीन' लिहिलेलं असलं तरी आत शोधलं की पुष्कळदा हेच निघतं. आणि ते नवं नाही. बेंजामिन ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पोटॅशियम क्लोरेट आणि धूर सोडणारं नायट्रिक आम्ल वापरून ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण केलं होतं. औषधाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. ग्राफाइटमधल्या कार्बनचा अणुभार वेगळा निघतो का, हे त्याला पाहायचं होतं.

आज प्रयोगशाळांमध्ये चालते ती कृती हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ मध्ये दिली. तिच्यात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच आहे. ती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या अनेक भानगडींचं मूळ इथे आहे. ग्राफाइटची भुकटी तीव्र गंधकाम्लात घालतात, त्यात सोडियम नायट्रेट, आणि मग बर्फावर ठेवून थोडं थोडं पोटॅशियम परमँगनेट. थोडं थोडं अशासाठी की घाई केली तर मिश्रण तापून स्फोट होऊ शकतो. मिश्रण हिरवट काळं होतं, मग घट्ट होत जातं. शेवटी पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की अचानक झगझगीत पिवळा रंग येतो. इथपर्यंतचं काम एका दिवसात होतं. त्यानंतर सुरू होतं धुणं. आम्ल आणि मँगनीज काढून टाकण्यासाठी पुन्हा पुन्हा पाणी घालायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायचं. आम्ल जसजसं कमी होतं तसतसे थर पाणी पिऊन फुगतात, जेलीसारखे होतात आणि खाली बसेनासे होतात. धुण्याचा कंटाळा करणाऱ्याला मोह होतो तो इथेच. आणि अर्धवट धुतलेलं ग्राफीन ऑक्साइड पेशींवर टाकलं, पेशी मेल्या, तर त्या ग्राफीनने मारल्या की उरलेल्या आम्लाने आणि मँगनीजने, हे कसं ठरवायचं?

चांगलं धुऊन, ध्वनिलहरींनी तुकडे करून जे हाती येतं ते तपकिरी, पाण्यात छान पसरणारं द्रावण. त्यातल्या प्रत्येक पत्र्यावर ऑक्सिजनचे गट जागोजागी लागलेले असतात. त्यांच्यामुळे पाण्याशी जमतं. मधेमधे षटकोनी जाळीचे न बिघडलेले सपाट तुकडेही शिल्लक असतात. औषध बसतं ते मुख्यतः या तुकड्यांवर.

औषध बसतं कसं

डॉक्सोरुबिसिनच्या रेणूत चार कड्या एकमेकींना जोडून एक सपाट पट्टी झालेली असते. ग्राफीनचा तुकडाही सपाट आणि कड्यांचाच. दोन्हींच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा पातळ ढग पसरलेला असतो आणि जवळ आले की ते एकमेकांवर, ताटलीवर ताटली बसावी तसे, बसतात. यात नवा रासायनिक बंध तयार होत नाही. हे फार सोयीचं आहे, कारण औषधाच्या रेणूला हात न लावता तो जसाच्या तसा चढवता येतो आणि तसाच उतरवता येण्याची आशा राहते.

यातली एक गंमत मला फार आवडते. डॉक्सोरुबिसिन कर्करोगाच्या पेशीला मारतं ते डीएनएच्या जोड्यांच्या मधे घुसून. तिथे घुसता येतं ते याच सपाटपणामुळे. म्हणजे ज्या गुणामुळे हा रेणू औषध आहे, त्याच गुणामुळे तो ग्राफीनवर बसतो.

बसतो तरी किती? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक मिलिग्रॅम ग्राफीन ऑक्साइडवर २.३५ मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन बसलं. वाहकाच्या दुपटीहून जास्त माल. डॉक्सिलमध्ये दोन मिलिग्रॅम औषधामागे सुमारे सोळा मिलिग्रॅम चरबी लागते, म्हणजे औषध वाहकाच्या वजनाच्या आठव्या हिश्शाइतकंच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की २००८ मध्ये संशोधकांचे डोळे का चमकले ते लगेच लक्षात येतं.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात होंग्जिए दाय यांच्या गटाने एसएन-३८ नावाचं औषध ग्राफीन ऑक्साइडवर बसवलं. एसएन-३८ हा इरिनोटेकान या नेहमीच्या औषधाचा खरा काम करणारा भाग. इरिनोटेकान शरीरात गेलं की त्याचा थोडासाच अंश एसएन-३८ मध्ये बदलतो. मग थेट एसएन-३८ का देत नाहीत? ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही म्हणून. ग्राफीन ऑक्साइडवर बसवल्यावर ते पाण्यात नीट पसरलं आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर इरिनोटेकानच्या कितीतरी पट प्रभावी ठरलं. पाण्याशी न जमणारी औषधं वापरात आणण्याची ही वाट आहे, आणि अशी औषधं थोडी नाहीत. प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेले पुष्कळ रेणू या एका दोषापायी मागे पडतात.

या प्रयोगाआधी त्या गटाला एक अडचण सोडवावी लागली होती. ग्राफीन ऑक्साइड साध्या पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतं. त्याच द्रावणात थोडं मीठ घाला, रक्ताच्या खारटपणाइतकं, की हळूहळू तपकिरी पुंजके दिसू लागतात आणि गाळ तळाशी बसतो. कारण साधं आहे. पत्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत असतात. मिठातले धन आयन तो भार झाकतात आणि ढकलणं थांबतं. हाच गाळ शिरेत झाला तर पुंजके थेट फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन अडकणार. उपाय म्हणून पत्र्यांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या, म्हणजे पेगच्या, लवचिक साखळ्या जोडल्या. पत्र्याभोवती पाण्याचं एक वेष्टण तयार झालं आणि मीठ असो वा रक्तद्रव, द्रावण स्थिर राहिलं. पत्रेही लहान करून घेतले होते, ५ ते ५० नॅनोमीटरचे.

उतरवायचं कसं

आता औषध घट्ट बसलं. घोडं पेंड खातं ते यापुढे. रक्तात ते घट्टच राहायला हवं आणि गाठीत गेलं की सुटायला हवं. म्हणजे गाठ आणि रक्त यांच्यात काहीतरी फरक हवा, आणि तो फरक औषधाला कळायला हवा.

सर्वांत जास्त वापरला गेलेला फरक आम्लतेचा. ती पीएचमध्ये मोजतात. पीएच जितका कमी तितकी आम्लता जास्त. रक्ताचा पीएच ७.४ असतो. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असूनही साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, त्यामुळे गाठीच्या आसपास पीएच थोडा खाली येतो. पेशीने पत्रा गिळला की तो लायसोसोम नावाच्या कप्प्यात जातो. तिथे पीएच ५ च्या खालीही जातो. डॉक्सोरुबिसिनवर एक अमिनो गट आहे. आम्लात त्याला धन भार मिळतो, रेणूला पाणी जास्त आवडू लागतं आणि तो पत्रा सोडून पाण्यात उतरतो. युक्ती छान आहे आणि परीक्षानळीत ती चालते.

शरीरात मात्र ती निम्मीशिम्मी चालते. एक तर पीएच ७.४ लाही थोडं औषध गळतच असतं, आणि आम्लात गेलं तरी सगळं सुटत नाही. जे इतकं घट्ट बसतं म्हणून आपण खूश होतो, तेच सुटायला कटकट करतं. दुसरं असं की रक्तात अल्ब्युमिनसारखी प्रथिनं असतात आणि ती पाण्याशी न जमणारे रेणू ओढून घेतात. मीठपाण्यात जवळजवळ न सुटणारं औषध रक्तद्रवात हळूहळू सुटू लागतं ते यामुळे. म्हणून औषध सुटण्याचे आलेख पाहताना माझा पहिला प्रश्न असतो की हे कशात मोजलं? नुसत्या मीठपाण्यात मोजलं असेल तर तो आलेख रुग्णाबद्दल फारसं काही सांगत नाही.

दुसरी किल्ली ग्लुटाथिओनची. हा पदार्थ पेशीच्या आत भरपूर असतो आणि रक्तात अगदी थोडा. पेगचं वेष्टण गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधाने जोडलं तर पेशीत शिरल्यावर ग्लुटाथिओन तो बंध तोडतं आणि औषध मोकळं होतं. याही प्रकारात रसायनशास्त्र उत्तम जमलंय.

तिसरी किल्ली प्रकाशाची, आणि ती थोडी वेगळ्या गोत्रातली आहे. ७०० ते ९०० नॅनोमीटरचा जवळचा अवरक्त प्रकाश मांसातून त्यातल्या त्यात बरा आरपार जातो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पाणी दोघंही तो कमी शोषतात. ग्राफीन मात्र तो शोषतं आणि तापतं. त्यामुळे बाहेरून लेसर टाकून आतलं ग्राफीन तापवता येतं. त्या उष्णतेने औषध सुटतं, किंवा औषधाशिवाय नुसत्या उष्णतेनेच पेशी मरतात. २०१० मध्ये चीनमधल्या सूचौ विद्यापीठात झुआंग लिऊ यांच्या गटाने उंदरांच्या शिरेतून पेग लावलेले ग्राफीनचे पत्रे दिले, गाठीवर ८०८ नॅनोमीटरचा लेसर पाच मिनिटं टाकला आणि गाठी नाहीशा झाल्या. तिथे फक्त काळा व्रण उरला. या प्रयोगाने या क्षेत्राला खरा जोर दिला.

पण बारकाईने पाहिलं तर गाठी उंदराच्या कातडीखाली वाढवलेल्या होत्या. लेसरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला दोन वॅट होती. या तरंगलांबीला माणसाच्या त्वचेसाठी सुरक्षित मानतात ती मर्यादा साधारण एक तृतीयांश वॅटची आहे. शिवाय प्रकाश फार तर काही सेंटिमीटर आत जातो आणि वाटेत विरळ होत जातो. स्वादुपिंडाच्या मागे दडलेल्या गाठीपर्यंत तो कातडीवरून पोचणार नाही. तिथे प्रकाशतंतू आत घालावा लागेल, आणि मग 'बिनटाक्यांचा उपचार' हे आकर्षण बरंचसं उणं होतं.

गाठीपर्यंत पोचतं किती

जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवलं की घाईघाईने वाढलेल्या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना फटी असतात आणि गाठीतून द्रव बाहेर नेणारी व्यवस्था कच्ची असते. त्यामुळे मोठे रेणू तिथे पाझरतात आणि साचतात. पुढची कित्येक वर्षं सगळी नॅनो-औषधं या भरवशावर बेतली गेली. २०१६ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले अनेक प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेला मध्यक वाटा निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा पुरा नाही. हा आकडा ग्राफीनचा एकट्याचा नाही, सगळ्या प्रकारच्या कणांचा आहे. पण ग्राफीनला त्यातून सूट मिळण्याचं काही कारणही नाही.

उरलेलं जातं कुठे? पत्रा रक्तात शिरताच प्रथिनं त्याच्यावर बसतात आणि त्याचं बाहेरचं रूपच बदलून जातं. त्यावर आपण मोठ्या हौसेने लावलेला, गाठ ओळखणारा प्रतिपिंड या प्रथिनांखाली झाकला जाऊ शकतो. मग यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका समजून गिळतात. पेग लावलं की हे लांबतं, टळत नाही. वारंवार दिलं तर काही जणांच्या शरीरात पेगविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात.

मागे राहतं त्याचं काय

चरबीची पिशवी शरीर पचवून टाकतं. कार्बनच्या जाळीचं तसं काय करणार, ही रास्त भीती होती. २००८ मध्येच कार्बनच्या लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात असं दिसलं होतं, त्यामुळे ग्राफीनकडेही संशयाने पाहिलं गेलं.

इथे मात्र शरीराने थोडा सुखद धक्का दिला. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायपोक्लोरस आम्ल करतं आणि जंतू मारतं. स्ट्रासबूर्गमध्ये अल्बर्टो बियांको यांच्या गटाने दाखवलं की हेच विकर ग्राफीन ऑक्साइडचे पत्रे तोडून टाकतं, मात्र ते पाण्यात नीट पसरलेले असतील तर. गोळा झालेल्या पत्र्यांपुढे त्याचं फारसं चालत नाही. २०१८ मध्ये याच गटाने ऑक्साइड नसलेलं एका थराचं आणि मोजक्या थरांचं ग्राफीनही त्याने तुटतं असं दाखवलं.

मँचेस्टरमध्ये कोस्टास कोस्टारेलोस यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. मूत्रपिंडाची चाळणी साधारण सहा नॅनोमीटरच्या वरचं काही जाऊ देत नाही, असं मानतात. तरीही उंदरांच्या लघवीत त्याहून कितीतरी रुंद ग्राफीन ऑक्साइडचे पत्रे सापडले. पत्रा पातळ आणि लवचिक असल्यामुळे दुमडून निसटत असावा, असा अंदाज. जे निसटलं नाही त्यातलं बरंचसं प्लीहेत जाऊन बसलं. या गटाने नऊ महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा तिथल्या भक्षक पेशी त्याची जाळी हळूहळू मोडत असल्याचं दिसलं. म्हणजे शरीर ते जिरवतं, पण सावकाश. उंदराचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं, हे लक्षात घेतलं तर नऊ महिने थोडे नाहीत. केमोथेरपीची सत्रं दर तीन आठवड्यांनी असतात. आधीचं जिरण्याआधी पुढचं येणार.

'ग्राफीन विषारी आहे का' या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही. थर किती, पत्रा केवढा, ऑक्सिजन किती, वेष्टण कोणतं, धुतलंय कसं, श्वासातून गेलं की शिरेतून, आणि किती गेलं, यांवर उत्तर बदलतं. २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीन असलेले काही मास्क बाजारातून मागे घ्यायला लावले, कारण सुटे कण श्वासात जाण्याची शंका होती. पुढे तपासणीनंतर त्यातले काही परत विकू दिले. २०२४ मध्ये एडिंबरामधल्या एका अभ्यासात १४ निरोगी स्वयंसेवकांनी व्यायामाच्या सायकलवर दोन तास पेडल मारत अतिशुद्ध, पातळ ग्राफीन ऑक्साइड हवेतून घेतलं. फुप्फुसांचं काम, रक्तदाब, दाहाच्या खुणा यांत तात्काळ वाईट परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान, मात्रा थोडी, काळ थोडा. तरी माणसावर मोजलेलं काहीतरी हाती आलं, आणि पेशींच्या बशीतल्या शंभर प्रयोगांपेक्षा त्याला मी जास्त वजन देईन.

जाता जाता त्या अफवेबद्दलही. कोविडच्या लशींमध्ये ग्राफीन ऑक्साइड घातलंय असं लाखो लोकांनी पुढे पाठवलं. घटकांची यादी जाहीर आहे, त्यात ते नाही. आणि वर सांगितलेलं मीठपाण्यातल्या गाळाचं प्रकरण ज्याला माहीत आहे त्याला हेही कळेल की ते नुसतं, बऱ्यापैकी प्रमाणात मिसळलं तर लपवता येण्यासारखं नाही. तपकिरी रंग आणि पुंजके बाटलीतच दिसतील.

औषध म्हणून मंजुरीच्या दारात

ग्राफीनवर बसवलेलं एकही औषध आजवर कुठल्या देशात मंजूर झालेलं नाही. याचं एक कारण वर आलंच. दुसरं कारण कमी बोललं जातं. औषध मंजूर करणारी संस्था विचारते की तुमचा पदार्थ नेमका काय आहे, आणि पुढच्या खेपेलाही तो तसाच असेल का? ॲस्पिरिनचा रेणू सगळीकडे एकच असतो. ग्राफीन ऑक्साइडच्या एकाच बाटलीतले दोन पत्रे सारखे नसतात. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या साठ उत्पादकांचे नमुने तपासले, तर बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचं प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी सगळं बारीक केलेलं ग्राफाइट. आता विचार करा, मधल्या काळात निघालेल्या शोधनिबंधांपैकी किती जणांनी विकतची बाटली उघडून थेट पेशींवर ओतली असेल. एका प्रयोगशाळेत निरुपद्रवी आणि दुसरीत घातक, असे निष्कर्ष येत राहिले, त्यातला काही वाटा या बाटल्यांचा असणार.

मला वाटतं, रुग्णापर्यंत ग्राफीन आधी येईल ते रक्तात न सोडता, शरीराला टेकवून. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी घामातली साखर मोजणारा ग्राफीनचा लवचिक पट्टा केला. साखर वाढली की त्यातल्या सूक्ष्म सुयांमधून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुटायचं. ते उंदरांवर दाखवलं गेलं. इथे औषध ग्राफीनवर बसलेलंच नाही. ग्राफीन मोजतं आणि तापून सुयांवरचं वेष्टण वितळवतं. पट्टा काढला की ग्राफीनही गेलं.

मेंदूच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात, मेंदूतली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, बार्सिलोनाच्या इनब्रेन या कंपनीने केलेली ग्राफीनच्या इलेक्ट्रोडची पातळ पट्टी माणसाच्या मेंदूवर पहिल्यांदा ठेवली गेली. गाठीच्या पेशी आणि निरोगी मेंदू यांच्यातली सीमा विद्युतसंकेतांवरून किती बारकाईने ओळखता येते, ते तिथे पाहिलं जातंय. धातूच्या इलेक्ट्रोडपेक्षा ही पट्टी कितीतरी पातळ आणि मऊ, त्यामुळे मेंदूच्या वळ्यांवर नीट बसते. मायलोपेरॉक्सिडेज, प्लीहा, नऊ महिने, यातलं काहीच इथे आड येत नाही. मोजून झालं की शल्यविशारद पट्टी उचलून घेतात आणि गाठ काढायला लागतात.